बिल शून्य, युनिट दीडशे : वडगावातल्या एका घराचा कार्बनचा हिशोब

बेळगावच्या वडगावातल्या जुन्या गल्लीतलं हे घर पाच माणसांचं. सासूबाई, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा मच्छे औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला, सून खानापूरच्या एका मराठी शाळेत शिक्षिका, थोरली नात नववीत, धाकटा नातू चौथीत. मागं परडं, त्यात दोन माड, कढीपत्ता आणि पेरू. येळ्ळूरच्या शिवारात थोडी भाताची जमीन, ती आता वाट्यानं दिलेली. घरात एसी नाही, चारचाकी नाही. कुटुंबाच्या परवानगीनं, नावं न देता, त्यांच्या एका वर्षाचा हिशोब इथं मांडतो आहे. कागदोपत्री आकडेमोड माझी, रोजची मेहनत त्यांची.

सुरुवात नातीच्या शाळेच्या प्रकल्पातून झाली. ‘आपल्या घराचा कार्बन’ असा विषय होता. सुनेनं पहिल्याच दिवशी विचारलं, “आमच्यासारख्या घराचा कसला आलाय कार्बन? तो बंगलेवाल्यांचा.” हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. भारतात सगळे उद्योगधंदे धरूनही माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. वडगावातल्या पाच माणसांनी जगाचं ओझं डोक्यावर घ्यावं, असं म्हणणं अन्यायाचंच होईल. तरीही मला हे घर मोजण्यासारखं वाटलं, कारण ते बदलाच्या उंबऱ्यावर उभं होतं. पुण्याच्या मामांकडून जुना एसी येणार होता, दुसरी मोटारसायकल घ्यायचं चाललं होतं आणि गीझर आल्याला फार दिवस झाले नव्हते. पुढच्या दहा वर्षांत असली घरं कुठल्या वाटेनं जातात, यावर बरंच काही ठरणार आहे.

आधी काय दिसलं

घरातल्या सगळ्यांचा अंदाज एकच होता : प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि दिवे. दिवे केव्हाच एलईडी झाले होते. पिशव्या वाईटच, त्या गटारात तुंबतात, गुरांच्या पोटात जातात. पण कार्बनच्या वहीत त्यांची ओळ अगदी बारीक निघाली. जाड ओळी तीन होत्या : वीज, पेट्रोल आणि गॅस.

विजेकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण करंट बिल शून्य येत होतं. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर, त्यावर १० टक्के, आणि कमाल मर्यादा २०० युनिट. एवढ्यात बसलात तर बिल नाही. या घराचा हक्क दीडशेच्या थोडा वर होता आणि वापर सरासरी दीडशेच्या आसपास. थंडीपावसात थोडे पैसे पडत, बाकी महिने शून्य. “बिल येतच नाही की, मग वाचवायचं कुणासाठी?” सासूबाईंनी विचारलं. बिल कन्नडमध्ये, ते सासूबाईंना वाचता येत नाही. रकमेच्या जागी शून्य दिसलं की कागद खिळ्याला. नात शाळेत कन्नड शिकते. तिनं आज्जीला रकमेच्या वरची ओळ दाखवली, युनिटची. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथंच सापडली. गरीब-मध्यम घराला वीज परवडली पाहिजे, योजनेबद्दल माझी तक्रार नाही. पण रुपये शून्य झाले की युनिट नजरेआड होतात, आणि कोळसा तर युनिटला जळतो.

इथं एक शंका नेहमी निघते, आणि ती मुलानं काढली : “कर्नाटकात पाण्याची, वाऱ्याची, सोलरची वीज भरपूर आहे की. आपली वीज कोळशाची कशी?” वीज भरपूर आहे हे खरं. पण दक्षिणेचं जाळं २०१३ च्या अखेरीपासून देशाच्या जाळ्याशी जोडलेलं आहे, आणि देशभराची सरासरी काढली तर एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. शिवाय हे घर वीज सर्वात जास्त ओढत होतं ते पहाटे सहा ते साडेसात, सूर्य नीट वर येण्याआधी. त्या वेळी मागणी वाढली की भार येतो तो रायचूर, बळ्ळारी किंवा शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातल्या कुडगीसारख्या औष्णिक केंद्रांवर.

पेट्रोलचा आकडा सर्वांनाच अनपेक्षित होता. सून रोज स्कूटरवरून खानापूरला जात होती, एका बाजूला साधारण २६ किलोमीटर. महिन्याला २५ लिटर. मुलाची मोटारसायकल १५ लिटर. एका लिटर पेट्रोलमागं २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो कसा, हा नातीचा प्रश्न योग्य होता : जळताना कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, ते वजन वाढतं.

गॅस वर्षाला नऊ सिलिंडर. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागं सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड.

वर्षाची बेरीज अशी आली : वीज १,२६० किलो, सुनेची स्कूटर (शाळेचे दहा महिने धरून) ५७५, मुलाची गाडी ४१५, गॅस ३८०. सगळं मिळून २,६०० किलोच्या थोडं वर. यात खाणं, कपडे, घराचं सिमेंट काही नाही. घरात प्रत्यक्ष जळलं किंवा घरासाठी जळवलं गेलं तेवढंच.

अंघोळीचं पाणी

दीडशे युनिट जातात कुठं? नातीनं आठवडाभर मीटर वाचला. गीझर लावण्याआधी एकदा, अंघोळी झाल्यावर एकदा. उत्तर आलं ते कागदावरच्या हिशोबाशी जुळणारं होतं. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. पाच माणसं, पाच बादल्या, रोजचे सव्वादोन-अडीच युनिट. थंडीपावसात महिन्याला सत्तर. घरातला टीव्ही, दिवे, मोबाइल सगळे एका बाजूला आणि न्हाणीघर एका बाजूला, अशी स्थिती. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पाऊस चार महिने झोडपणारा. इथं गरम पाणी ही चैन नाही. म्हणून “थंड पाण्यानं अंघोळ करा” असला सल्ला मी दिला नाही आणि देणार नाही.

सासूबाईंचा उपाय तयार होता : माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायचा. गीझर येईपर्यंत या घरात बंबच होता. परड्यात झावळ्या आणि नारळाची सोडणं पडून असतात, ती तशीही कुजणारच, मग बंबात घातली तर काय बिघडलं? कार्बनच्या हिशोबानं त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. आपल्या माडाची झावळी जळली तर तिनं हवेतून घेतलेलाच कार्बन परत जातो, तो जमिनीखालून उकरलेला नसतो. चंदगडकडून किंवा खानापूरच्या बाजूनं तोडून आणलेली ओली लाकडं घेतली असती तर मी ठाम विरोध केला असता. पण अडचण धुराची. गल्ली दहा फुटांची, घराला घर चिकटलेलं, आणि शेजारच्या घरातल्या लहान पोराला दमा. झावळीचा धूर त्याच्या खिडकीत जाणार. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. “त्या पोराचं नाव काढलंस, आता विषय संपला,” एवढंच म्हणाल्या. बंब दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपुरता राहिला. झावळ्यांच्या हिरांचे खराटे होतात, उरलेलं पेरूच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरलं जातं.

गॅस गीझरचाही विचार झाला. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो; त्यामुळे पाणी थेट गॅसवर तापवलं तर कार्बन निम्म्याहून कमी होतो. हिशोब चांगला होता. पण या घराचं न्हाणीघर आतल्या अंगाला, एक बारका झरोका. अशा बंद जागेत गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावलेली आहेत. ते मी तिथंच खोडलं. ज्यांचं न्हाणीघर तसं आहे त्यांनी हा विचार मनातही आणू नये.

राहिला सोलर हीटर, काचेच्या नळ्यांचा. तांत्रिक बाजूनं तो इथं चांगला चालतो : ऑक्टोबर ते मे आभाळ बहुतेक निरभ्र असतं, टाकीला उष्णतारोधक वेष्टन असल्यानं संध्याकाळचं पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं. जून ते सप्टेंबर मात्र त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि पैशाच्या बाजूनं तो या घरात बसतच नव्हता. गृहज्योतीआधी त्यानं वाचवलेली वीज स्वतःची किंमत काही वर्षांत फेडून देत असे. आता बिलच शून्य. शून्यातून काय वाचवणार? दुकानदारानंही प्रामाणिकपणे तेच सांगितलं. छतावरच्या सौर पॅनेलचंही तेच. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार अनुदान मिळतं, पण उरलेला खर्च हे कुटुंब कशाच्या आशेवर करणार? माझं मत असं की गृहज्योतीच्या मर्यादेत बसणाऱ्या घरानं पॅनेलचा विचार अगदी शेवटी करावा. शेजारपाजारची दोनशेच्या वर जाणारी घरं असतील, त्यांचा हिशोब वेगळा.

पैसे आले कुठून

ते आले एसटीतून.

शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. सून ही सवलत वापरत नव्हती, कारण गर्दी. सुरुवातीच्या महिन्यांत गाड्या भरून वाहत होत्या, आजही सकाळी नऊच्या सुमारास बसायला जागा मिळेलच असं नाही. पण पावसाळ्यात गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कंटेनरच्या मागं, रेनकोटवर चिखल झेलत रोज ५० किलोमीटर स्कूटर चालवणं तिलाही नकोसं झालं होतं. तिनं आधी फक्त पावसाळ्यापुरतं ठरवलं. वडगावातून मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत सिटी बस, तिथून खानापूर. जाताना अर्धा तास जास्त लागतो. तो भरून काढायला घरातलं वेळापत्रक हलवावं लागलं : डबे भरण्याचं काम नवऱ्याकडे आलं, धाकट्याला शाळेत सोडणं आज्जीकडे. हे लिहायला दोन ओळी लागतात, पण घरात रुळायला सगळा आषाढ गेला. एकदा दोघांची कडाक्याची भांडणंही झाली. घरातला कार्बन कमी करण्याचं काम आपसूक बाईच्या अंगावर पडतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे : ओला कचरा तिनं निवडायचा, डाळ तिनं भिजत घालायची, बसनं तिनं जायचं. इथं नवऱ्यानं डबे हातात घेतले म्हणून बस टिकली. नाहीतर दसऱ्यापर्यंत स्कूटर परत आली असती, याबद्दल मला शंका नाही.

बस म्हणजे काही शून्य कार्बन नव्हे. ती डिझेल पिते. पण ५० माणसांची भरलेली गाडी खानापूरला जायला जे डिझेल जाळते त्याचा एका माणसाचा वाटा सुमारे ०.३ किलो निघतो. स्कूटरवर तोच प्रवास १.३ किलोचा. आणि ती बस सून चढली नसती तरी जाणारच होती.

आता गंमत नाही, पण नीट पाहण्यासारखी गोष्ट सांगतो. स्कूटर फक्त बाजारहाटापुरती उरली. महिन्याला वीसेक लिटर पेट्रोल वाचलं, म्हणजे दोन हजार रुपये. सुनेनं ते वेगळे ठेवले. दिवाळीनंतर त्या पैशात आणखी थोडी भर घालून छोटा सोलर हीटर आला. एका सरकारी योजनेनं ज्याचं आर्थिक कारणच काढून घेतलं होतं, ते दुसऱ्या योजनेच्या बचतीतून उभं राहिलं. गृहज्योतीनं या घराला वापराबद्दल आंधळं केलं होतं, शक्तीनं रस्त्यावरचं पेट्रोल कमी केलं. दोन्ही योजना हवामानासाठी आखलेल्या नाहीत. तरी त्यांचा परिणाम हवामानावर होतो, आणि सीमाभागातल्या प्रत्येक घराला तो स्वतःच्या वहीत मांडता येतो.

हीटर बसवल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे नाराज. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या लांब पाइपात पाणी थंड होतं, सुरुवातीची अर्धी बादली गार येते. मग पाइपाला फोमचं वेष्टन घातलं, अंघोळी एकामागोमाग उरकायचं ठरलं, आणि ते पहिलं गार पाणी भांडी विसळायला वेगळं भरलं जाऊ लागलं. पावसाळ्यात गीझर असतोच, पण तो आता बादली भरण्यापुरता चालू होतो. पूर्वी तो पाच अंघोळी होईपर्यंत दोन तास लाल दिवा दाखवत असे.

एसी आला नाही

मामांचा जुना एसी फुकट मिळणार होता, म्हणून मुलगा त्यावर अडून होता. एप्रिलमध्ये वरच्या खोलीत खरंच झोप लागत नाही, स्लॅब तापतो. मी त्याला विजेबद्दल फारसं बोललो नाही, आतल्या गॅसबद्दल बोललो. जुन्या एसींमध्ये आर-२२ असायचा. त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या मोजणीत तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दीड टनाच्या यंत्रात साधारण किलोभर गॅस असतो. पुण्यातून काढून, टेम्पोत घालून, इथं बसवताना तो सुटण्याची शक्यता मोठी. म्हणजे घराची वर्षाची सगळी वीज एका बाजूला आणि ही एक गळती तिच्याहून जड. अलीकडच्या यंत्रांत आर-३२ असतो, त्याचा आकडा ६७५ च्या आसपास. बराच कमी, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. मामांना एवढंच कळवलं की भंगारात देताना गॅस काढून घेणाऱ्या मेकॅनिककडेच द्या.

बदल्यात वरच्या स्लॅबला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले आणि दोन पंखे बदलले. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॉटचा. खोली थंडगार होत नाही, पण झोप लागते. मुलाची यावर अजून पूर्ण समजूत पटलेली नाही, आणि उन्हाळे असेच वाढत गेले तर चार-पाच वर्षांनी हा प्रश्न परत येईल हेही खरं.

ओल्या कचऱ्याचं काम सासूबाईंनी कुणी न सांगता हातात घेतलं. शहराचा कचरा तुरमुरीच्या डेपोवर जातो. तिथं ढिगाखाली हवा न मिळता अन्न कुजलं की मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या मोजणीत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. त्याचा या घरापुरता आकडा काढण्याइतकी खात्रीची मोजमापं माझ्याकडे नव्हती, म्हणून तो बेरजेत धरला नाही. परड्यात विटांचा चौकोन रचला, खाली सोडणं, वर ओला कचरा, त्यावर सुका पाला. उकिरडा कसा पोसायचा हे शेतावर वाढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. उलट पावसात त्यावर जुनी ताडपत्री टाकायची, नाहीतर पाणी साचून खालून घाण सुटते, हे त्यांनीच मला दाखवलं. खाण्यापिण्यात मी बोट घातलं नाही. हे घर येळ्ळूरचा भात आणि भात निघाल्यावर त्याच रानात होणाऱ्या मसुराची आमटी खातं. त्याहून शहाणं जेवण मी काय सुचवणार? रात्रीचा भात उरू नये एवढं पाहिलं जातं. डाळ भिजवून, कुकरला शिट्टी झाली की आच बारीक करून गॅसचं जवळजवळ एक सिलिंडर वर्षाला कमी झालं.

वर्षअखेर

वीज सरासरी दीडशेवरून ९५ युनिटवर आली. सुनेचा प्रवास बस आणि उरलेली स्कूटर धरून ५७५ वरून २४० किलोच्या आसपास. मुलगा त्याच गल्लीतल्या सहकाऱ्याबरोबर आलटूनपालटून एका गाडीवर जाऊ लागला, पण शिफ्ट जुळते तेव्हाच. त्याचे ४१५ चे २५० झाले. गॅस ३४०. एकूण २,६०० च्या जागी १,६००. एक टन कमी, आणि त्यातला पाऊण भाग फक्त गरम पाणी, पंखे आणि खानापूरची बस या तीन गोष्टींचा. उरलेल्या डझनभर बारीकसारीक सवयी, ज्यांवर आपण सर्वात जास्त बोलतो, त्या बाकीच्या चतुर्थांशातसुद्धा मोठ्या जागी नाहीत. नातीच्या प्रकल्पाला शाळेत किती गुण मिळाले ते मी विचारलं नाही, पण दर रविवारी मीटर वाचून दिनदर्शिकेवर आकडा लिहिण्याचं काम तिनं अजून सोडलेलं नाही.

दुसऱ्या मोटारसायकलचा विचार मागं पडला. आता बोलणं चाललंय ते मुलाची जुनी गाडी विकून इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याचं. महिन्याला ४०० किलोमीटरला बारा-पंधरा युनिट पुरतात. देशाच्या सरासरी विजेवर चार्ज केली तर कार्बन पेट्रोलच्या साधारण निम्मा. आणि सोलर हीटरमुळे गृहज्योतीच्या हक्कात पन्नासेक युनिटची जागा मोकळी झाली आहे, त्यामुळे बिल पुन्हा शून्यच राहील. अडचण एकच : गाडी गल्लीत उभी असते आणि चार्जिंगची वायर उंबऱ्यावरून बाहेर काढायला सासूबाईंची तयारी नाही. इलेक्ट्रिशियननं पडवीच्या आतल्या भिंतीला १५ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि अर्थिंग करून द्यायचं कबूल केलं आहे. ते झालं की दसऱ्याला बुकिंग.